केस रंगवण्याआधी प्रश्न विचारणारे दादरचे पार्लर

दादर पश्चिमेला, स्थानकापासून पायी जाता येईल अशा जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरील या पार्लरमध्ये खुर्च्या मोजक्याच आहेत आणि एसीही यथातथाच चालतो. तरीही पांढरे केस झाकण्यासाठी कुठे जावे असे कोणी विचारले, तर मी हीच जागा सुचवेन, कारण येथे रंगाची ट्यूब उघडण्याआधी केसांना पूर्वी काय काय लावले आहे याची नीट चौकशी होते.

मी पूर्वी पाकिटातली काळी मेंदी लावत असे, हे सांगताच पार्लर चालवणाऱ्या ताईंनी त्या दिवशी रंग लावण्यास नकार दिला. शुद्ध मेंदीतील लॉसोन हे द्रव्य केसांतील प्रथिनाला धरून राहते आणि केसांना तांबूस छटा देते. काळा रंग देणाऱ्या मिश्रणांत मात्र बरेचदा पीपीडी (पॅराफेनिलीनडायअमाइन) हे रसायन मिसळलेले असते, तर काहींत धातूंचे क्षार असतात, आणि या क्षारांची गाठ रंगासोबतच्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी पडली की केस तापून तुटण्याची भीती असते. म्हणून मानेजवळची एक बारीक बट कापून ती डेव्हलपरच्या, म्हणजे रंगात कालवायच्या पेरॉक्साइडच्या, मिश्रणात ठेवण्यात आली आणि ती शाबूत राहिल्यावरच पुढची गोष्ट निघाली. पुढची गोष्ट म्हणजे पॅच टेस्ट: ॲलर्जी होते का हे पाहण्यासाठी कानामागे लावलेला रंगाचा ठिपका आणि 48 तासांची वाट. बऱ्याच केशरंगांतही असणाऱ्या पीपीडीची ॲलर्जी वर्षानुवर्षे रंग लावणाऱ्या व्यक्तीलाही एखाद्या वेळी अचानक होऊ शकते, त्यामुळे ‘मी नेहमीच लावते’ हे उत्तर येथे चालत नाही. अन्यत्र एका चकचकीत सलूनमध्ये मी पॅच टेस्टविषयी विचारले होते, तेव्हा ‘मॅडम, आमचा रंग हर्बल आहे’ एवढ्यावर माझी बोळवण झाली होती.

कायमस्वरूपी रंगाचे काम कसे चालते हे ताई रंग कालवता कालवता समजावून सांगतात. मिश्रणातील अल्कधर्मी द्रव्यामुळे केस फुगतो आणि त्याच्या बाहेरच्या थरावरील खवले सैल होतात. त्या वाटेने रंगहीन, लहान रेणू आत शिरतात, पेरॉक्साइडमुळे तेथेच एकमेकांशी जोडले जाऊन मोठे रंगीत रेणू तयार होतात आणि आकार वाढल्यामुळे त्यांना सहज बाहेर पडता येत नाही. युजेन श्युलर या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने 1907 मध्ये कृत्रिम केशरंग बनवला आणि त्यातूनच पुढे लॉरियाल ही कंपनी उभी राहिली. आजचे बहुतेक कायमस्वरूपी रंग याच रसायनशास्त्रावर चालतात.

प्रत्यक्ष कामात सफाई आहे. पांढरे केस झाकण्यासाठी 6 टक्क्यांचा, म्हणजे 20 व्हॉल्यूमचा डेव्हलपर पुरतो, असे सांगून त्यांनी त्याहून तीव्र काही वापरले नाही. कानशिलांवरचे पांढरे केस हट्टी असतात, म्हणून सुरुवात तेथून झाली, आणि आधीच रंगलेल्या टोकांना शेवटची काही मिनिटेच रंग लावला गेला. केस वरवर काळे दिसू लागले म्हणून घाईने धुतले नाहीत, हे विशेष सांगायला हवे, कारण आतील रेणू पूर्ण जोडले जाण्याआधी केस धुतले तर रंग लवकर उतरतो. शेजारच्या खुर्चीवरील एका मुलीला काळ्या रंगवलेल्या केसांवर थेट फिकट तपकिरी छटा हवी होती. तिला ‘रंगाने रंग उजळत नाही, त्यासाठी आधीचा रंग काढावा लागेल आणि मधल्या टप्प्यात केस नारिंगी दिसतील’ असे स्पष्ट सांगून विचार करायला परत पाठवले. गिऱ्हाईक जाईल याची पर्वा न करणारी ही वृत्ती मला आवडली.

उणे बाजूही आहे. दारावरच्या पाटीवर ‘अमोनिया-फ्री, केमिकल-फ्री’ असे लिहिले आहे, त्यातील दुसरा शब्द सरळसरळ दिशाभूल करणारा आहे. अमोनियाच्या जागी या रंगांत बहुधा मोनोइथेनॉलअमाइन असते. त्याला उग्र वास नसतो, पण केसाचे खवले सैल करण्याचे काम तेही करतेच. खिडकी बंद असते आणि हवा खेळत नाही. निघताना महागडा शाम्पू गळ्यात मारण्याचा प्रयत्नही होतो.

त्या शाम्पूची मला तरी गरज वाटली नाही. केस भिजला की फुगतो आणि थोडा रंग पाण्यासोबतच निघून जातो, म्हणून कोणत्या बाटलीने धुतो यापेक्षा किती वेळा आणि किती गरम पाण्याने धुतो याला अधिक महत्त्व आहे. मुंबईच्या दमट हवेत, लोकलच्या गर्दीतून घामाघूम होऊन आल्यावर रोज डोके धुवावेसे वाटते हे खरे, पण एक दिवसाआड कोमट पाणी पुरते. महापालिकेचे तलावांचे पाणी मृदू असते. ज्या सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी येते, तेथे क्षारांमुळे केस राठ होऊ शकतात, तेव्हा शेवटचा तांब्या तरी महापालिकेच्या पाण्याचा असावा. धुण्याआधी खोबरेल तेल लावण्याच्या आपल्या सवयीलाही आधार आहे: मॅरिकोच्या मुंबईतील संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सूर्यफूल आणि खनिज तेलाच्या तुलनेत खोबरेलामुळे केसांतील प्रथिनांची झीज कमी झाल्याचे आढळले होते.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे चार ते सहा आठवड्यांनी रूट टच-अप लागतो. तो करताना फक्त मुळांनाच रंग लावायला सांगावे आणि शक्यतो कामाच्या दिवशी दुपारची वेळ घ्यावी, कारण रविवारी ताईंना इतके समजावून सांगायला सवड नसते.