‘कॅट थ्री’ छापलेला मीटर आणि माझे १,८५० रुपये

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, डुप्लिकेट माल मिळतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं. तरी घरचा मिक्सर, टीव्हीचा पॉवर सप्लाय तपासायला म्हणून एका नावाजलेल्या कंपनीचा मल्टीमीटर १,८५० रुपयांना घेतला आणि गंडलो. कंपनीच्या यादीत तोच २,९०० चा. दुकानदार म्हणाला, “जुना स्टॉक काढतोय, साहेब.”

पक्कं बिल मागितलं, तर म्हणाला, “बिल हवं तर अठरा टक्के वर.” म्हणजे ३३३ रुपये. तिथेच पाठ फिरवायला हवी होती. तिथेच! पण बिल सोडून पैसे वाचवणारा मी काही जगात एकटा नाही, आणि खोकं, होलोग्राम, माहितीपुस्तक, सगळं अगदी अस्सल दिसत होतं. हाताला हलका लागला, तर वाटलं, आत सेल नसतील.

घरी सॉकेटचे २३० व्होल्ट मोजताना प्रोबच्या, म्हणजे मोजायच्या काडीच्या, दांड्यातून धातूची सुईच निसटली, सॉकेटमध्ये अडकून पत्र्याच्या बोर्डाला लागली. ठिणगी, एमसीबी खाली. मागचं झाकण उघडलं, तर मोठा करंट सुरक्षितपणे तोडणाऱ्या, वाळू भरलेल्या सिरॅमिक फ्यूजऐवजी काचेचा चिमुकला फ्यूज. दहा अँपिअरच्या भोकाला तर फ्यूजच नाही. सर्किटवर एमओव्हीची, म्हणजे व्होल्टेजचा झटका शोषणाऱ्या पार्टची, जागा छापलेली, पार्ट गायब. वर दिमाखात सुरक्षिततेचा दर्जा, ‘कॅट थ्री ६०० व्होल्ट’! टीव्हीच्या सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात, तिथे हा लावला असता तर?

मीटर घेताना झाकण काउंटरवरच उघडायला लावा. नाही म्हणाला, तर निघा.

दुकानदार म्हणे, “हा आमच्याकडचा नाहीच.” चौकीत गेलो, तर साहेब हसले, “अठराशेसाठी एफआयआर? ग्राहक मंचात जा.” तिथे पहिला प्रश्न, बिल कुठे आहे? कंपनीला मेल केला, तर उत्तर आलं की हा सीरियल नंबर आमचा नाही, विक्रेत्याशी बोला. अहो, विक्रेत्याशी बोलूनच तर तुमच्याकडे आलो! उद्या कोणाला शॉक बसला की मग पंचनामा करायला सगळे हजर होतील. तोवर तो माणूस त्याच काउंटरवर तेच खोकं विकतोय.

भिंतीच्या सॉकेटला निदान खराखुरा कॅट टू लागतो, मेन बोर्डाला कॅट थ्री. आणि बाजारात सगळीकडे दिसणाऱ्या त्या स्वस्त पिवळ्या मीटरला उगाच नावं ठेवू नका, सेल, कंटिन्युइटी (वायर कुठे तुटलीय का ते बघणं), बारा व्होल्टचा अडॅप्टर एवढ्याला तो पुरतो. फक्त मेन्सला, म्हणजे घरच्या २३० व्होल्टच्या लाइनला, लावू नका; छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. ७५० व्होल्ट त्याच्यावरही छापलेले असतात.