लेकराचा ब्लड कॅन्सर : मुंबई की नागपूर?

पोराला एएलएल (लहान मुलांत जास्त दिसणारा ब्लड कॅन्सर) निघाला की पहिला सल्ला ठरलेला: "टाटाला न्या." परळच्या टाटा मेमोरियलचा अनुभव दांडगा, यात वाद नाही. विदर्भ एक्सप्रेस रात्रीतून दादरला सोडते, आणि डॉक्टरांचा दाखला असला की स्लीपर-थ्री एसीत पेशंटचं तिकीट माफ. आजार उलटला किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विषय निघाला, तर मीही बॅग भरीन.

पण हा उपचार २ ते ३ वर्षं चालतो. महिनाभराचं इंडक्शन (पहिला जोरदार टप्पा), मग काही महिने सलाइन-सुया, आणि त्यानंतर लांबलचक मेंटेनन्स, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणूनची औषधं. त्यात घरीच रोज मर्कॅप्टोप्युरिनची गोळी, आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. (मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिली तर जिवावर बेततं. आमच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरात दर गुरुवारी लाल गोल असतो.) एवढ्यासाठी मुंबईत खोली करून राहायचं? बापाची नोकरी, धाकटीची शाळा, सगळंच अडकतं.

खरी मेख तापाची. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना पारा १००.४ फॅरेनहाइटवर गेला, की तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक जायला हवं. रात्री दोनला नागपुरातल्या महाल भागातून निघून जामठ्याचं एनसीआय हे कॅन्सर हॉस्पिटल गाठता येतं. परळ नाही.

आम्ही मधला रस्ता धरला: दुसरं मत घ्यायला एकदा मुंबई, औषधं इथंच. फाइलची झेरॉक्स मात्र दोन ठिकाणी ठेवा, आमची एक प्रवासात भिजली.