मार्व्हल कॉमिक्सचा पहिला अंक (१९३९), बरेच महिने वाचत राहिल्यावर

उन्हाळ्यात याचं रीप्रिंट घेतलं, जुन्या जाहिरातींसकट अख्खा अंक आहे तसा छापलेलं, आणि तेव्हापासून ते टेबलावरच आहे, रात्री जेवण झालं की एखादी गोष्ट वाचतोच. घ्यायचा विचार असेल तर आधी हे सांगतो की यात एकच हिरो मिळणार नाही, दिवाळी अंकासारखा सगळ्या प्रकारचा मजकूर एकत्र आहे. आगीचा माणूस, समुद्रातला राजपुत्र, काउबॉय, जंगलातला मुलगा, आणि मधेच दोन पानं नुसती छापील कथासुद्धा. मार्टिन गुडमन हा न्यूयॉर्कचा पल्प मासिकवाला, म्हणजे स्वस्त कागदावरच्या कथामासिकांचा प्रकाशक, त्याने फनीज इन्कॉर्पोरेटेड नावाच्या स्टुडिओकडून तयार मजकूर घेतला आणि १० सेंटला अंक काढला. कुठलं पात्र चालेल हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, आणि वाचताना ते जाणवतं.

मी घेतला होता ह्यूमन टॉर्चसाठी, म्हणजे त्या आगीच्या माणसासाठी. कार्ल बर्गोसची चित्रं तशी कच्ची आहेत, पण गोष्ट जबरदस्त. प्रोफेसर हॉर्टन कृत्रिम माणूस बनवतो, ऑक्सिजन लागला की तो पेट घेतो, लोक घाबरतात म्हणून त्याला सिमेंटमध्ये गाडतात. नंतर तो सुटतो, एक गुंड त्याला आपल्या काळ्या धंद्यासाठी वापरतो, आणि शेवटी ज्याने बनवलं तोच हॉर्टन त्याच्यावर पैसा कमवायची भाषा करतो तेव्हा हा सरळ निघून जातो. मला ते फार आवडलं.

पण आता विचाराल तर माझा जीव अडकलाय बिल एव्हरेटच्या सब-मरिनरमध्ये, म्हणजे समुद्रातला राजपुत्र नेमोर याच्या गोष्टीत. पहिल्या वाचनात मी ती गोष्ट भरभर उलटली होती कारण पाण्याखालची पानं गढूळ वाटली, आता कळतंय की ते ठिपके आणि रेघा मुद्दाम आहेत, सगळं पाण्यातून बघतोय असं वाटावं म्हणून. नेमोर बुडालेल्या जहाजावर काम करणाऱ्या पाणबुड्यांना मारतो आणि आपण हादरतो, मग त्याची आई फेन सांगते की अमेरिकन जहाजाने अंटार्क्टिकाजवळ त्यांच्या लोकांचा कसा संहार केला, आणि त्याचा राग पटायला लागतो. १९३९ साली मुलांच्या कॉमिकमध्ये असला हिरो! आणि आठव्या पानाचा शेवटचा चौकोन नीट बघा, तिथे कोपऱ्यात एक रिकामी चौकट आहे. ही गोष्ट आधी थिएटरात फुकट वाटायच्या एका कॉमिकसाठी आठच पानांची काढलेली होती, त्या चौकटीत 'पुढच्या आठवड्यात चालू' अशा अर्थाची ओळ होती, इथे चार पानं वाढवली तेव्हा अक्षरं काढली आणि चौकट तशीच राहिली. मला हे दिसलं तेव्हा इतका आनंद झाला की घरातल्या सगळ्यांना दाखवून आलो.

बाकीचं सांगायचं तर एंजल नावाचा आणखी एक हिरो ठीक आहे, त्याच्या अंगात काही शक्ती नाही, गुंडांना थेट ठार मारतो. मास्क्ड रेडर, म्हणजे तो काउबॉय, मी आता वाचतच नाही. जंगलाच्या गोष्टींमध्ये आफ्रिकेतल्या वगैरे लोकांना ज्या पद्धतीने दाखवलंय ते आज वाचवत नाही, लहान मुलांच्या हातात देणार असाल तर शेजारी बसून समजावून सांगा, माझ्या भाच्याला मी तसंच दिलं आणि त्याने चांगले प्रश्न विचारले.

मुखपृष्ठ फ्रँक आर. पॉलचं, तो सायन्स फिक्शन मासिकांचा चित्रकार, त्यामुळे वरचा टॉर्च आणि आतला टॉर्च वेगळेच दिसतात, पण मुखपृष्ठ सुंदरच आहे. माझ्या प्रतीचा कागद जाड आहे, रंग थोडे भडक वाटतात, शिवण मात्र इतक्या वाचनानंतरही घट्ट आहे. पार्सल आलं तेव्हा एक कोपरा दुमडलेला होता, तर मागवताना पॅकिंग कसं करणार ते विचारून घ्या.

नुसती मारामारी हवी असेल तर यात मन रमणार नाही. कॉमिक्स कशी सुरू झाली याची ओढ असेल तर नक्की घ्या, आणि वाचायला सब-मरिनरपासून सुरुवात करा. दुसऱ्या अंकापासून नाव बदलून मार्व्हल मिस्टरी कॉमिक्स झालं, आणि १९४० मध्ये आठव्या-नवव्या अंकात टॉर्च आणि नेमोर एकमेकांना भिडतात, ते दोन अंक मी आता शोधतोय, कुणाकडे चांगलं रीप्रिंट असेल तर कळवा.