रिफाइंड: एका डेस्कटॉपवर दोन सिस्टिम असतील तर हा बूटलोडर लावाच

आमच्या डेस्कटॉपवर विंडोज आणि डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही आहेत आणि वापरणारेही दोघं. सकाळी आणि रात्री मी डेबियनवर पुस्तकांची पानं लावते, दुपारी सासरे, म्हणजे अण्णा, विंडोजवर सोसायटीचे हिशेब लिहितात. म्हणून बूटलोडर (मशीन सुरू होताना सिस्टिम निवडून सुरू करणारा प्रोग्राम) निवडताना माझी अट एकच होती: मशीन सुरू केल्यावर अण्णांना मला हाक मारायला लागू नये. लिनक्सबरोबर येणाऱ्या ग्रब या बूटलोडरचा काळा पडदा आणि त्यावरच्या बारीक इंग्रजी ओळी त्यांना वाचवत नसत. आता रिफाइंडमध्ये दोन मोठी चित्रं दिसतात. बाणाचं बटण, एंटर, झालं.

पण रिफाइंड मला आवडतो तो चित्रांमुळे नाही. ग्रबचा मेनू म्हणजे आधी लिहून ठेवलेली यादी असते. अपडेट-ग्रब ही कमांड चालवली की ती नव्याने लिहिली जाते, एरवी जुनीच वाचली जाते. त्यात 2021 साली आलेल्या 2.06 आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. लिनक्स टाकल्यावर ‘मेनूतून विंडोज गायब झालं’ म्हणून घाबरणाऱ्या पुष्कळांची अडचण एवढीच असते. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमधली ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ ही ओळ फॉल्स करायची, अपडेट-ग्रब चालवायचं, की विंडोज परत दिसतं. रिफाइंड यादी ठेवतच नाही. दरवेळी मशीन सुरू झालं की तो ईएफआय पार्टिशन (डिस्कवरचा बूटच्या फाइलींचा छोटा भाग) आणि लिनक्सचं बूट फोल्डर स्वतः धुंडाळतो आणि जे सापडेल ते दाखवतो. नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) आला, की तो आपोआप धरला जातो. बूट होणारा पेनड्राइव्ह लावला, तर त्याचंही चित्र येतं.

रॉडरिक स्मिथ यांनी 2012 मध्ये जुन्या रिफिट या प्रकल्पावरून हा तयार केला. काटेकोर बोलायचं तर हा बूट मॅनेजर आहे, म्हणजे काय सुरू करायचं ते फक्त निवडू देतो. कर्नल चढवण्याचं काम कर्नलमध्येच असलेला ईएफआय स्टब हा छोटा भाग करतो.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती एक सोय, जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. रिफाइंडच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये ‘डिफॉल्ट सिलेक्शन’च्या, म्हणजे आपोआप काय सुरू व्हावं ते सांगणाऱ्या ओळीत वेळ लिहिता येते. आधी डेबियनची साधी ओळ आणि तिच्याखाली विंडोजची, पुढे 13:00 ते 17:00. जुळणारी शेवटची ओळ चालते, त्यामुळे दुपारी अण्णांनी नुसतं बटण दाबून पाणी प्यायला गेलं तरी वीस सेकंदांनी विंडोज सुरू होतं. इथे एक गोष्ट सांभाळा. ही वेळ मदरबोर्डावरच्या घड्याळाची असते. विंडोज त्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं धरतं, लिनक्स सहसा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, आणि आपल्याकडे या दोन्हींत साडेपाच तासांचं अंतर पडतं. मी टाइमडेटसीटीएल ही कमांड वापरून डेबियनलाही स्थानिक वेळच धरायला लावली. विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ चुकण्याचा जुना त्रासही त्यानेच गेला.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. मदरबोर्डाचं फर्मवेअर (बोर्डातच बसवलेला प्रोग्राम) अपडेट केल्यावर बूटच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या आणि मशीन थेट विंडोजमध्ये जायला लागलं. दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं, ‘ताई, लिनक्स परत टाकावं लागेल.’ अजिबात लागत नाही! पुसली गेली होती ती फक्त बोर्डाच्या मेमरीतली नोंद, डिस्कवरच्या फाइली जागच्या जागी होत्या. रिफाइंडची पेनड्राइव्हवर लिहायची इमेज मिळते. ती लिहिलेला पेनड्राइव्ह लावला, बोर्डाच्या बूट मेनूतून तो निवडला, तर पडद्यावर डिस्कवरच्या डेबियनचं चित्र हजर. त्यावर एंटर मारून आत गेले, रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून रिफाइंड-इन्स्टॉल पुन्हा चालवलं आणि एफीबूटएमजीआर या कमांडने नोंदींचा क्रम तपासला. चहा उकळेपर्यंत काम झालं. काही बोर्डं हा क्रम जुमानतच नाहीत. तिथे रिफाइंड ईएफआयमधल्या बूट नावाच्या फोल्डरात, बूटएक्स64 या नावाने ठेवावा लागतो.

आता कटकटी. पहिल्यांदा लावल्यावर नको ती चित्रंही दिसतात: ग्रब, शिम, फॉलबॅक, सगळीच. नको त्या चित्रावर जाऊन डिलीट दाबलं की ते लपतं. दुसरी कटकट जास्त गंभीर आहे. लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न टाकता पेनड्राइव्हवरच चालणाऱ्या लिनक्समधून रिफाइंड इन्स्टॉल केलंत, तर कर्नलचे पर्याय लिहिलेल्या फाइलीत त्या लाइव्ह सिस्टिमचेच पर्याय येऊ शकतात. मग कर्नल सुरू होतो आणि रूट पार्टिशन (जिथे लिनक्स टाकलेलं असतं ते) सापडत नाही म्हणून अडून बसतो. त्या फाइलीतला यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) आपल्याच पार्टिशनचा आहे ना, हे रीबूट करण्याआधी बघा. रीबूट करून बसलाच असाल, तर मेनूत एफ2 दोनदा दाबून तिथल्या तिथे ओळ बदलता येते.

बूट पार्टिशन एन्क्रिप्ट केलेलं किंवा एलव्हीएमवर (डिस्कची जागा लवचीकपणे वाटण्याच्या लिनक्सच्या पद्धतीवर) असेल, तर ग्रबच ठेवा. रिफाइंडला ते वाचता येत नाही. सिक्युअर बूट (फक्त सही असलेले प्रोग्राम सुरू होऊ देणारी सोय) चालू ठेवणं भाग असेल, तरीही माझं मत ग्रबलाच. रिफाइंड शिम (सही असलेला मधला छोटा प्रोग्राम) वापरून त्यातही चालतो, पण किल्ल्यांची नोंदणी नवख्याला जड जाते. माझ्याकडे सिक्युअर बूट बंद आहे. सिस्टिमडी-बूट हा तिसरा पर्याय सुटसुटीत आहे खरा, पण त्याला कर्नल ईएफआय पार्टिशनवर किंवा त्यासाठी केलेल्या वेगळ्या पार्टिशनवर लागतो. विंडोजने केलेलं ईएफआय पार्टिशन पुष्कळदा 100 एमबीचंच असतं, ते बघता बघता भरतं. रिफाइंड एक्स्ट4 ही लिनक्सची फाइल सिस्टिम वाचतो, म्हणून कर्नल बूट फोल्डरातच राहतो आणि हा प्रश्न येत नाही.

जुन्या बायोस पद्धतीच्या मशीनला रिफाइंड चालत नाही. विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडून बायोस मोडसमोर यूईएफआय (म्हणजे नवी पद्धत) लिहिलंय का, ते आधी बघा. लिहिलं असेल, तर डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच रिफाइंड चालवून बघा. तुमच्या दोन्ही सिस्टिम त्यात दिसल्या आणि सुरू झाल्या, की मग डिस्कवर घ्या. ग्रब मात्र लगेच काढू नका. तो त्याच्या फोल्डरात पडून राहिला तरी काही अडत नाही.