एका ‘पप’वरून शब्दकोशाची परीक्षा

मी प्राण्यांवरच्या माहितीपटांची मराठी सबटायटल्स लिहिते. बारा वर्षं हेच काम केल्यावर एक सवय लागली आहे. नवा शब्दकोश हाती आला की त्यात अवघड शब्द शोधायचे नाहीत. अवघड शब्द कुणीतरी डोकं लावून तपासलेले असतात. पोरासोरांना येणारा शब्द टाकून बघायचा, कारण तो तपासायची गरज कुणालाच वाटलेली नसते. माझा ठरलेला शब्द आहे इंग्रजीतला ‘पप’ (pup), म्हणजे काही ठरावीक प्राण्यांचं पिल्लू. या खेपेला एका इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या ॲपचं वर्षभराचं शुल्क भरलं आणि त्याचीही परीक्षा ‘पप’वरूनच घेतली. ॲपचं नाव देत नाही, त्यांच्याशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे.

‘पप’च का, ते आधी सांगते. काही वर्षांपूर्वी एक फाइल आली होती. यंत्राने आधी भाषांतर केलेली, मी फक्त हात फिरवायचा होता. रात्री दोन वाजता चाळिसाव्या मिनिटाला मी एक ओळ तशीच पुढे जाऊ दिली: ‘सील माद्या बर्फावर येतात आणि कुत्र्याच्या पिल्लांना जन्म देतात.’ पडद्यावर पांढरंशुभ्र, गुबगुबीत सीलचं बाळ, आणि खाली ही ओळ. चूक यंत्राची, पण तपासणारी मी. त्या ओळीचा फोटो मला कमीत कमी पाच जणांनी पाठवला. भाचीने तर घरातल्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, ‘मावशी, आता मांजरीला काय होणार?’

तर या ॲपमध्ये ‘पप’ टाकलं. मराठी अर्थ आला: ‘१. कुत्र्याचे पिल्लू. २. उद्धट तरुण.’ संपलं. म्हणजे त्या रात्रीचं यंत्र जिथून शिकलं असेल, तिथेच हे ॲपही शिकलेलं दिसतं.

पण त्याच पानावर खाली एक बाण आहे. तो दाबला की इंग्रजीतलं स्पष्टीकरण उघडतं, आणि ते मात्र फार चांगलं आहे. कुत्रा, लांडगा, रानकुत्रा यांची नावं तर आहेतच, शिवाय सील, सी लायन, पाणमांजर, वटवाघूळ, उंदीर, घूस आणि शार्क. प्रत्येकाला एकेक उदाहरणवाक्य. वाक्यंही कुणीतरी खरोखर बोलेल अशी आहेत, शब्द बसवायला कशीबशी रचलेली नाहीत. मी पहिल्या दिवशी तासभर तिथेच रमले.

ही यादी बारकाईने बघा, मग हा शब्द किती लहरी आहे ते कळतं. सीलचं बाळ पप, पण सीलचाच नातेवाईक असलेल्या वॉलरसचं बाळ ‘काफ’, म्हणजे गाई-हत्तींच्या रांगेत. लांडग्याचं पप म्हणा किंवा ‘कब’ म्हणा, दोन्ही चालतं. कोल्ह्याला पप, कब आणि ‘किट’ अशी तीन नावं आहेत, कोण कुठलं इंग्रजी बोलतो त्यावर ठरतं. तरस दिसायला कुत्र्यासारखं, पण त्याच्या पिल्लाला बहुधा कब म्हणतात. प्राणिशास्त्राच्या हिशेबात तरस मांजरांच्या बाजूचंच आहे, त्यामुळे इथे भाषेचा नेम चुकून बरोबर लागला म्हणायचा. आणि शार्क तर मासा! इतर बहुतेक माशांच्या पिल्लांना इंग्रजीत ‘फ्राय’ म्हणतात, शार्कचं मात्र पप. मला सगळ्यात मौज वाटते ती पाणमांजराची. मराठीत आई मांजर, इंग्रजीत लेकरू कुत्रा.

माहितीपटात हा शब्द इतक्यांदा येतो, की त्याच्यामागची दृश्यंसुद्धा मला पाठ झाली आहेत. हूडेड सील नावाची जात आपल्या पपला अवघे चार दिवस दूध पाजते, सस्तन प्राण्यांत इतकं थोडं कुणीच पाजत नाही. त्या चार दिवसांत त्याचं वजन जवळपास दुप्पट होतं आणि आई निघून जाते. समुद्री पाणमांजराच्या पपची लव इतकी दाट आणि हवा धरून ठेवणारी असते, की त्याला बुडी मारता येत नाही. ते बुचासारखं तरंगत राहतं. आई शिकारीला जाताना त्याला समुद्री शेवाळाच्या लांब पट्ट्यांत गुंडाळून ठेवते, वाहून जाऊ नये म्हणून. सँड टायगर शार्कच्या मादीला दोन गर्भाशयं असतात. प्रत्येकातला सगळ्यात दांडगा गर्भ बाकीच्या भावंडांना आतच खाऊन टाकतो, म्हणून जन्माला येतात फक्त दोन, पण जवळजवळ मीटरभर लांबीचे. आणि १९९५ साली तैवानजवळ पकडलेल्या एका व्हेल शार्क मादीच्या पोटात सुमारे ३०० पिल्लं सापडली होती. या सगळ्यांना एकच शब्द, पप. आता यात कुठेतरी ‘कुत्र्याचे पिल्लू’ घालून बघा.

मग मराठीत काय लिहायचं? ‘पिल्लू’. इतकं सोपं आहे. ॲपने नुसतं ‘पिल्लू’ म्हटलं असतं तरी मी त्यांना पूर्ण गुण दिले असते. हत्तीपासून उंदरापर्यंत सगळ्यांना पुरणारा शब्द आपल्याकडे आयता आहे. पण तो पप नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं. मराठी पिल्लू पक्ष्याचंही असतं आणि मांजराचंही. इंग्रजीत चिमणीचं पप म्हणाल तर लोक हसतील, आणि मांजराचं ‘किटन’ असतं. दोन वर्तुळं एकमेकांवर पडतात, पण पूर्ण झाकत नाहीत. शब्दकोशाने हेच दाखवायचं असतं.

गंमत म्हणजे जिथे ‘पिल्लू’ चालणार नाही तिथे या ॲपने ते सढळ हाताने वाटलं आहे. उत्सुकतेपोटी मी बाकीचे शब्द टाकले. ‘फोल’: घोड्याचे पिल्लू. ‘लॅम’: मेंढीचे पिल्लू. ‘किड’: शेळीचे पिल्लू, आणि मूल. ‘फॉन’: हरणाचे पिल्लू. अहो, शिंगरू कुठे गेलं? कोकरू, करडू, पाडस? गाईचं वासरू तेवढं वाचलं, म्हशीचं रेडकू गायब. आपल्या भाषेत जनावरांच्या बाळांची इतकी नावं आहेत, की इंग्रजीशी तुलना करताना लाज वाटायचं काहीच कारण नाही, उलट थोडा तोरा मिरवता येईल. ज्यांनी हा मराठी भाग केला त्यांनी ‘अमक्याचे पिल्लू’ असा साचा करून प्राण्यांची नावं भरली असावीत. आणि ‘पप’ला नुसतं ‘पिल्लू’ पुरलं असतं, तिथेही ‘कुत्र्याचे’ भरलं. म्हणजे हवं तिथे नाही आणि नको तिथे रास.

व्युत्पत्तीचा भाग मात्र या ॲपचा सगळ्यात उत्तम भाग आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. ‘पप’ हे ‘पपी’चं आखूड रूप. आधी पपी, मग पप. पपी आला फ्रेंच ‘पूपे’वरून, म्हणजे बाहुली. इंग्रजीत आला तेव्हा पपी म्हणजे कुत्र्याचं पिल्लू नव्हतंच. मांडीवर घेऊन बसायचा लहानसा, लाडाचा कुत्रा, मग त्याचं वय काहीही असो. पिल्लाला तेव्हा वेगळा शब्द होता, ‘वेल्प’. पुढे पपीने वेल्पची जागा घेतली आणि मग सील-शार्कपर्यंत हात पसरले.

त्या फ्रेंच बाहुलीच्या मागे लॅटिन ‘पुपा’ आहे: मुलगी, बाहुली. कळसूत्री बाहुलीला इंग्रजीत ‘पपेट’ म्हणतात ते याच घरातलं. सुरवंटाचं फुलपाखरू होताना मधली जी कोशातली अवस्था असते, तिला सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने ‘प्यूपा’ म्हटलं, कारण ती गुंडाळलेल्या बाहुलीसारखी दिसते. आणि डोळ्याच्या मधल्या काळ्या ठिपक्याला इंग्रजीत ‘प्यूपिल’ म्हणतात, लॅटिनमधल्या ‘पुपिला’वरून, म्हणजे छोटी बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात बघितलं की आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते ना, ती. हे वाचलं आणि मी मोबाइल खाली ठेवला. आपण त्याला काय म्हणतो? डोळ्यातली बाहुली! दोन भाषांनी एकाच काळ्या ठिपक्यात एकच बाहुली बघितली. ॲपच्या इंग्रजी लेखकाला मराठी येत नसणार आणि मराठी लेखकाने इंग्रजी भाग वाचला नसणार, म्हणून ही गोष्ट पानावर कुठेच नाही. ‘प्यूपिल’समोर मराठीत फक्त ‘विद्यार्थी’ आहे.

वाक्प्रचारांत ‘सेल अ पप’ आहे, म्हणजे भलताच माल गळ्यात मारणे. हा प्रामुख्याने ब्रिटनमधला प्रयोग आहे, तशी खूणही केली आहे. मराठी अर्थ दिला आहे ‘पिल्लू विकणे’. वर्षभराचं शुल्क भरून बसलेल्या माणसाला हे वाचताना काय वाटत असेल! मराठीत पिल्लू विकत नाहीत, पिल्लू सोडतात. कुणीतरी हळूच एक खोटी बातमी पसरवून देतो आणि गंमत बघत बसतो, ते पिल्लू सोडणं. अर्थ अगदीच वेगळा, पण फसवाफसवीच्या आसपासचाच. इथे ‘गळ्यात मारणे’ किंवा ‘टोपी घालणे’ लिहिलं असतं तर विषय मिटला असता.

बाकी प्रयोग झटपट सांगते. ‘पपी फॅट’ला ‘पिल्लाची चरबी’ (खरं तर वाढीच्या वयातला बाळसेदार गुबगुबीतपणा). ‘पपी लव्ह’ला ‘कुत्र्यावरील प्रेम’. हे वाचून मी मोठ्याने हसले. सोळाव्या वर्षी शेजारच्या बाकावरच्या मुलावर जीव जडतो ते हे. ‘पप टेंट’ म्हणजे दोघांपुरता छोटा तंबू, तो बरोबर दिला आहे.

एक सुखद धक्का मात्र बसला. बागकामाची माणसं कोरफडीच्या किंवा घायपाताच्या बुडाशी फुटणाऱ्या नव्या रोपांनाही ‘पप’ म्हणतात, आणि हा अर्थ ॲपमध्ये आहे. मराठीत समोर ‘पिल्लू’ लिहिलंय. मी आधी पुन्हा कपाळाला हात लावला, मग आठवलं, केळीच्या बुंध्याशी फुटतात त्यांनाही आपण पिलंच म्हणतो की! हे कुणी विचारपूर्वक लिहिलं की साच्यातून चुकून पडलं, कळायला मार्ग नाही. मी त्यांना याचा अर्धा तारा दिला आहे.

आता क्रियापद. सीलच्या संदर्भात ‘टु पप’ म्हणजे विणे. ॲप म्हणतं ‘कुत्रीने पिल्ले देणे’. आणि ‘पपिंग सीझन’? नोंदच नाही. माझ्या कामात तो आठवड्यातून एकदा तरी येतो, आणि मराठीत त्याला नेमका शब्द आहे: विणीचा हंगाम. पक्ष्यांनाही चालतो, सीलनाही चालतो, कासवांनाही. अशा वेळी वाटतं, की एखाद्या गुरं पाळणाऱ्या माणसाला किंवा पक्षी बघणाऱ्याला दोन दुपार बसवून हा भाग तपासून घेतला असता तर निम्म्या चुका गेल्या असत्या. वेत, विणे, गाभण, पान्हा, हे शब्द रोज वापरणारी माणसं आहेत अजून.

उच्चाराचं बटण ठीक आहे. आवाज स्पष्ट, ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही. मराठी लिपीतला उच्चार मात्र ‘पपी’साठी ‘पप्पी’ असा छापला आहे. शाळेतल्या मुलांसमोर हे वाचणाऱ्या शिक्षकांची मला काळजी वाटते. नेट नसताना ॲप चालतं, शोध पटकन लागतो, जाहिराती नाहीत. अक्षरं मोठी करता येतात, माझ्या वयाला ते महत्त्वाचं. मराठी शब्द टाकून उलटं शोधता येत नाही.

घ्यावं का? इंग्रजीतून इंग्रजी वाचायची सवय असेल आणि मराठी शब्द तुमचे तुम्हाला सुचत असतील, तर जरूर घ्या. व्युत्पत्तीसाठी तर नक्की. मराठी भागावर विसंबून काम करणार असाल, नुकतेच भाषांतर शिकत असाल, किंवा मुलांना शिकवायला हवं असेल, तर नका घेऊ. पाचपैकी अडीच तारे, त्यातला अर्धा केळीच्या पिलांचा.

हे सगळं मी त्यांना सविस्तर लिहून पाठवलं. सील, शार्क, वटवाघूळ, विणीचा हंगाम, डोळ्यातली बाहुली, सगळं. आठ दिवसांत ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं आणि महिन्याभरात खरंच सुधारणा झाली. ‘पप’समोर आता लिहिलंय: ‘कुत्रा, सील, शार्क इत्यादींचे पिल्लू’. मी खूश होऊन लगेच ‘प्यूपा’ उघडलं. तिथे पूर्वी ‘कोश’ होतं, बरोबर होतं. आता आहे: ‘कोशाचे पिल्लू’. दुसरं पत्र काल पाठवलं.