गुन्हेगारी मानसशास्त्राचा ऑनलाइन कोर्स: पहिली तीन लेक्चर सोडा, बाकी नक्की करा

मध्यंतरी दादाशी माझं कडाक्याचं भांडण झालं. दादा फौजदारी वकील आहे, त्याने एका आरोपीचं वकीलपत्र घेतलं होतं. मी म्हटलं, तू अशा लोकांची केस घेतोसच कशी? तर तो शांतपणे म्हणाला, "अशा म्हणजे कशा, ते आधी सांग." मला सांगताच येईना. रोज रात्री क्राईम सिरीज बघणारी मी, आणि गुन्हेगार म्हणजे नेमका कोण याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हा कोर्स लावला. 22 लेक्चर, प्रत्येक साधारण 40 मिनिटांचं, दीड महिन्यात संपवला.

सुरुवात फार वाईट आहे. पहिली तीन लेक्चर सगळी सिरीयल किलरवर, मागे भीतीदायक म्युझिक, तेच ते फोटो. मी जवळजवळ सोडलाच होता. असे खुनी गुन्हेगारांमधे अगदी मोजके असतात, मग त्यांच्यावर दोन तास कशाला?

पण चौथ्या लेक्चरपासून कोर्स खरा सुरू होतो. सर प्रश्न टाकतात: सारख्या दिसणाऱ्या दोन काळ्या बॅगा आहेत, मी चुकून तुमची उचलून घरी नेली, ही चोरी का? नाही, कारण कृती झाली पण मनात तो हेतू नव्हता, आणि बहुतेक गंभीर गुन्ह्यांत कायद्याला दोन्ही लागतं. आता घरी गेल्यावर बॅग उघडली, तुमचं नाव दिसलं, तरी ठेवून घेतली तर? बॅग तीच, माणूस तोच, फक्त मनातलं बदललं. मी व्हिडिओ थांबवून दादाला फोन केला, आम्ही तासभर त्याच बॅगेवर बोलत होतो.

मग गुन्हा ठरवतं कोण यावरची दोन लेक्चर. इंग्लंडमधे आत्महत्येचा प्रयत्न 1961 पर्यंत गुन्हा होता, म्हणजे मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसावर वरून खटला. अमेरिकेत 1920 ते 1933 दारू विकणं गुन्हा, पुढे तोच धंदा परत कायदेशीर. एमिल डरखाइम हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ म्हणायचा की एखादी गोष्ट गुन्हा आहे म्हणून समाज तिचा निषेध करतो असं नाही, समाज निषेध करतो म्हणून ती गुन्हा ठरते. इथे मला जरा राग आला होता, कारण असं म्हटलं की सगळंच सापेक्ष होऊन जातं, ज्याच्यावर अत्याचार झाला त्याचं दुःख काय कायद्याच्या पुस्तकावर अवलंबून असतं का? पण सरांनी लगेच दुसरी बाजू घेतली: नवऱ्याने बायकोवर केलेला बलात्कार इंग्लंडमधे 1991 च्या निकालापर्यंत बलात्कार म्हणून धरलाच जात नव्हता. म्हणजे इजा होती, गुन्हा नव्हता. हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसले. एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1939 मधे पांढरपेशी गुन्ह्यांचा विषय काढला तोही याच धाग्यातला, की सूट घालून हजारो लोकांना बुडवणारा आपल्या डोक्यातल्या गुन्हेगाराच्या चित्रात बसतच नाही.

लोंब्रोसो या इटालियन डॉक्टरवरचं लेक्चर ठीक. 1876 मधे त्याने पुस्तक काढलं की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात आणि ते कवटीवरून, जबड्यावरून ओळखू येतं. पुढे 1913 मधे चार्ल्स गोरिंग या तुरुंगातल्या डॉक्टरने सुमारे 3000 इंग्लिश कैद्यांची मोजमापं इतर लोकांशी ताडून पाहिली आणि असा काही वेगळा साचा निघालाच नाही. पण इथे माझी मोठी तक्रार आहे. जन्मजात गुन्हेगार या कल्पनेवर आख्खं लेक्चर, आणि ब्रिटिशांनी 1871 मधे भारतात केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक शब्द नाही. त्या कायद्याने आख्ख्या जमातींवर जन्मापासून शिक्का मारला, हजेऱ्या लावल्या, तो 1952 ला गेला तरी शिक्का अजून पुसलेला नाही. हे सुटायला नको होतं.

सायकोपाथ, म्हणजे ज्याला दुसऱ्याच्या दुःखाचं काहीच वाटत नाही असा माणूस, त्याच्यावरचं लेक्चर मात्र सगळ्यांनी बघावं. असा माणूस ओळखायला मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअरने केलेल्या यादीत 20 मुद्दे असतात, प्रत्येकाला 0, 1 किंवा 2 गुण, ते प्रशिक्षित माणूस मुलाखत घेऊन आणि जुनी कागदपत्रं तपासून देतो. पाच मिनिटांची ऑनलाइन टेस्ट देऊन बॉसला सायकोपाथ ठरवायचं नसतं. मानसिक आजार म्हणजे हिंसा हा समजही त्यांनी नीट खोडून काढलाय.

आणि आता चौदावं लेक्चर, ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय. साइक्स आणि मात्झा या दोन समाजशास्त्रज्ञांनी 1957 मधे मांडलं की नियम मोडणाऱ्यालाही चूक-बरोबर कळतं, तो फक्त ते तेवढ्यापुरतं बाजूला ठेवायला मनाला पाच प्रकारची कारणं देतो. त्यावर असाइनमेंट होती: तुम्ही स्वतः केलेली एक चुकीची गोष्ट लिहा आणि तेव्हा मनात काय म्हणालात ते शब्दशः लिहा. मी कॉलेजात असताना परीक्षेच्या आधी लायब्ररीतल्या रेफरन्स पुस्तकाची सहा पानं ब्लेडने कापून घेतली होती. कोणालाच सांगितलं नव्हतं. वही उघडली आणि लिहायला लागले. झेरॉक्सचं मशीन बंद होतं, मी काय करणार. सहा पानांनी काय होतंय. एवढी फी घेतात, घेतली थोडी वसूल करून. सर लोक तरी कुठे वेळेवर पुस्तकं परत करतात. आणि मी काय एकटीसाठी नाही केलं, मैत्रिणींनाही हवीच होती. लिहून झाल्यावर सरांची यादी शेजारी ठेवली तर जबाबदारी नाकारणं, नुकसान नाकारणं, समोरच्याचीच ती लायकी होती म्हणणं, बोट दाखवणाऱ्यावर बोट दाखवणं, आपल्या माणसांसाठी केलं म्हणणं, पाचच्या पाच माझ्या वहीत होती. अंगावर काटा आला. माझ्यानंतर ज्या कोणी ते पुस्तक उघडलं असेल आणि मधली पानं गायब बघितली असतील, त्या मुलीचा किंवा मुलाचा विचार मी इतक्या वर्षांत एकदाही केला नव्हता.

तुरुंगात गुन्हेगारांबरोबर काम करताना ही कारणंच धरून बोलतात, त्यावर पंधरावं लेक्चर आहे, तेही छान. वयाबद्दलचं लेक्चर छोटं आहे पण कामाचं, टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईने 1993 मधे केलेला फरक त्यात आहे: बहुतेक मुलांचं नियम मोडणं किशोरवयापुरतं असतं आणि वयानुसार सुटतं, थोड्यांचंच लहानपणापासून पुढे आयुष्यभर चालू राहतं. घरात टीनएजर असेल तर हे आधी बघा.

त्रुटी सांगायच्या तर क्विझ अगदीच पाठांतराची, साल काय नि नाव काय, बॅगेसारखा एकही प्रश्न नाही. सबटायटल भलतीच चुकतात. प्रश्न विचारला तर उत्तराला आठवडा लागतो. पीडित माणसांवर 22 मधलं एकच लेक्चर आहे, तेही घाईत, निदान तीन तरी हवी होती.

पाचपैकी चार स्टार. वही घेऊन बसा, चौदावं एकट्याने बघा, असाइनमेंट टाळू नका. माझी ती पानं मी दादाला वाचायला दिली, त्याने वाचली आणि म्हणाला, पुस्तकाचं नाव आठवतंय का. आठवतंय. नवीन प्रत मागवलीय, पुढच्या आठवड्यात कॉलेजला नेऊन देणार आहे.