वाशीतला चायनीज भाषेचा क्लास: मॅडमना पाच स्टार, नोट्सना दीड

आधीच सांगतो, मी हौसेने गेलो नव्हतो. बेलापूरला इम्पोर्टच्या डॉक्युमेंटेशनचं काम करतो, आमच्या पार्ट्यांचा बराचसा माल चीनमधून न्हावाशेव्याला उतरतो, आणि तिकडचा सप्लायर ‘नो प्रॉब्लेम’ म्हणाला की पुढचे दोन आठवडे आपल्याला प्रॉब्लेम, एवढंच माझं चीनबद्दलचं ज्ञान. साहेब म्हणाले शिकून घे, अर्धी फी ऑफिस देईल. म्हणून सेक्टर १७ मधला हा क्लास. रविवारी सकाळी ९ ते १२, चार महिने, साडेअकरा हजार. ऑफिसची अर्धी फी अजून यायचीय.

भाषा शिकवणाऱ्या मॅडम डोंबिवलीच्या, मिस्टरांच्या नोकरीमुळे सात वर्षं चीनमधल्या ग्वांगचौ शहरात राहून आलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पिनयिन, म्हणजे चिनी भाषा एबीसीडीत लिहायची जी पद्धत आहे, ती आम्हाला देवनागरीत उतरवायला लावली. बी म्हणजे आपला प, पी म्हणजे फ (फळातला हां, फॅनमधला नाही), डी म्हणजे त, टी म्हणजे थ. म्हणजे आपण आयुष्यभर जे बीजिंग म्हणत आलो ते पेइचिंगच्या जवळ जातं. आणि झेड आला की चमच्यातला च म्हणायचा, चहातला नाही. दोन च असल्याचा असा फायदा होईल असं शाळेत कोणी सांगितलं नव्हतं, बाजूचा हिंदीवाला पोरगा तिथेच अडकून बसला. टोन, म्हणजे सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो ते, मात्र मला शेवटपर्यंत जमले नाहीत, चारही सूर माझ्या तोंडून लोकलच्या अनाउन्समेंटसारखे एकाच पट्टीत येतात.

नात्यांचा धडा आला तेव्हा खरी मजा आली. इंग्रजीत सगळ्या आंट्या, पण चिनीत आत्या वेगळी, मावशी वेगळी, मामा वेगळा, काका तर बापापेक्षा मोठा का धाकटा त्यावर शब्द बदलतो. आणि मावशीला म्हणतात आयी. घरकामाला येणाऱ्या बाईलाही आयीच! आपणही मावशीच म्हणतो की.

तर मॅडमकडे येणारी आयी हुनानमधल्या गावची, आणि तिचा मुलगा गावी आजीकडे. बाई ग्वांगचौमध्ये दुसऱ्यांची पोरं सांभाळतेय आणि स्वतःचा पोरगा तिकडे, का, तर हूखौ. ही १९५८ पासूनची कुटुंबनोंदणी. मला वाटलं रेशनकार्ड ट्रान्सफर करण्यासारखं काहीतरी असेल, एजंटला पैसे दिले की काम झालं. तसं नाही. नोंद गावची असली की मोठ्या शहरात सरकारी शाळेत जागा मिळणं कठीण, आणि बारावीनंतरची ती काओखाओ परीक्षा तर बहुतेक पोरांना नोंद असेल तिथे जाऊनच द्यावी लागते. हल्ली छोट्या शहरांत नियम सैल केलेत म्हणे, पण मोठ्या शहरांत अजून अवघडच. म्हणून आयी वर्षातून एकदा, त्यांच्या नवीन वर्षाला, घरी जायची. आमच्याकडे दर फेब्रुवारीत सगळे बोंबलतात की सरकारी सुट्टी आठवड्याची आणि कारखाने तीन-तीन आठवडे मेलला उत्तर देत नाहीत. अरे, ती माणसं पोरांना भेटायला गेलेली असतात. माझे आजोबा लालबागला खोलीत आणि आजी देवगडला, गणपतीत एसटीने गाव गाठायचे, तेच हे. फक्त आजोबांनी पुढे माझ्या वडिलांना परळच्या म्युनिसिपाल्टीच्या शाळेत घातलं तेव्हा कोणी गावचा कागद मागितला नाही.

९९६ पण इथेच कळलं. सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस. आमचे साहेब त्याचं उदाहरण देतात, बघा चिनी कसे राबतात. २०२१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानेच ते बेकायदा ठरवलंय, आणि त्याच वर्षी तिथल्या पोरांमध्ये थांग फिंग हा शब्द गाजला, म्हणजे सरळ आडवं पडून राहणं, प्रमोशन नको, फ्लॅट नको, लग्न नको. साहेबांना हे अजून सांगितलेलं नाही.

आता बाकीचं. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी ‘कल्चर’ म्हणून एक सर येतात, ड्रॅगन, कंदील, आठ लकी, चार अशुभ, ‘चिनी माणूस असा असतो’ छापाचा पीपीटी लावतात आणि एक तास खातात. एकशे चाळीस कोटी माणसं एका स्लाइडवर बसवली. नोट्सचे ६०० वेगळे, आणि त्यात अजून एक मूल धोरण चालू आहे! २०१६ ला दोन, २०२१ ला तीन मुलांना परवानगी झाली, आणि २०२२ पासून लोकसंख्या घटायला पण लागली. वर पान ३ वर लिहिलंय वीचॅट डाउनलोड करून सराव करा. ते आपल्याकडे जून २०२० पासून बॅन आहे, कुठून डाउनलोड करू? तिकडे गप्पा, पैसे, ऑफिस सगळं त्याच ॲपवर चालतं, त्यामुळे सरावाची अडचण खरीच आहे, पण निदान नोट्स तरी बदला. एसी अर्धा वेळ बंद. पार्किंग विसरा, स्टेशनवरून चालत या.

घ्यायचाच असेल तर आधी विचारा की बॅच मॅडमची आहे का. चार महिन्यांत माणूस बोलायला लागत नाही, मी अजून चहाच मागू शकतो. पण मागच्या आठवड्यात कॉलवर सप्लायरची मुलगी इंग्रजीत ‘टुमॉरो शुअर’ म्हणत होती आणि मागून कोणीतरी तिला चिनीत सांगितलं, छापुतुओ. हा शब्द मॅडमनी आम्हाला अर्धा तास समजावला होता, होत आलंय, जवळजवळ, फारसं बाकी नाही, आणि त्यात नेमकं किती बाकी ते कधीच नसतं. मी फोन ठेवला आणि पार्टीला आठवडाभर लेट सांगून मोकळा झालो. दहा दिवस लागले.